भोकाचा पैसा आणि फौजेतला दोस्त

ऐकताना सनावळ्या आणि नावं निसटतात, असं तुमच्यातले बरेच जण कळवतात. म्हणून या भागाचाही मजकूर नेहमीसारखा खाली देतोय. बोलताना मध्येच विषय सोडून जे भटकलो होतो, ते तेवढं काढून टाकलंय.

सुरुवात एका पैशापासून करू.

१९४३ साली गावोगावच्या बाजारात एक नवा पैसा आला. मधोमध चांगलं मोठं भोक, बोटात घालावं असं. भोकाचा पैसा. तुमच्या आजोबांच्या डब्यात अजूनही एखादा सापडेल. दोऱ्यात ओवता येतो म्हणून पोरांना भारी आवडायचा. पण सरकारने भोक पोरांसाठी पाडलं नव्हतं. दुसरं महायुद्ध चालू होतं. काडतुसांना पितळ लागतं, पितळेला तांबं लागतं. एका पैशातून चिमूटभर धातू वाचवला, की लाखो पैशांतून किती वाचेल, असा तो हिशेब. थोडक्यात, लढाई हजारो मैल लांब होती आणि तिचं भोक अंजनगावच्या बाजारातल्या पैशाला पडलं होतं.

आता असा विचार करा. त्याच गावातला एक पोरगा १९४१ साली फौजेत भरती झालाय. पैसा बदलला तेव्हा तो इजिप्तमध्ये आहे, किंवा इटलीत, किंवा ब्रह्मदेशाच्या सीमेवरच्या जंगलात. त्याच्या ओळखीचा पैसा जुना, भरीव. गावात नवा पैसा आलाय हे त्याला कोण सांगणार? बाप सांगणार नाही, बापाच्या डोक्याला हजार व्याप. बायकोला लिहिता येत नाही. सांगणार तो दोस्त. "लेका, आता पैशाला भोक पडलं," असं लिहून पाठवणारा.

आजचा भाग या दोस्ताबद्दल आहे. गावात राहिलेला दोस्त. युद्धाच्या इतिहासात सेनापती असतात, शूर शिपाई असतात, क्वचित वाट पाहणारी आईही असते. गावची खबर पाठवणारा दोस्त नसतो. माझं म्हणणं असं आहे की, हा माणूस म्हणजे त्या शिपायाचं खरं वर्तमानपत्र होता. आणि त्याने काय लिहिलंय याची इंग्रज सरकारला चांगलीच धास्ती होती.

वऱ्हाड आणि फौज

आधी एक शंका दूर करू. तुमच्यातले काही म्हणतील, फौज म्हटलं की सातारा, कोल्हापूर, कोकण. वऱ्हाडाचा काय संबंध? आपल्याकडे तर कपाशी.

प्रश्न बरोबर आहे. इंग्रजांनी हिंदुस्थानातल्या जातींची 'लढवय्या' आणि 'बिनलढवय्या' अशी वाटणी केली होती आणि भरती त्याच हिशेबाने चालायची. या वाटणीचा सगळ्यात मोठा घाव बसला महार समाजाला. कंपनी सरकारच्या काळात ज्यांच्या पिढ्यान् पिढ्या फौजेत गेल्या, त्यांची भरती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंद झाली. पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडू लागली तेव्हा १९१७मध्ये '१११वी महार' नावाची पलटण उभी केली. युद्ध संपलं, गरज संपली, १९२१मध्ये पलटण मोडली.

मग दुसरं महायुद्ध आलं. १९४१च्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार मंडळावर गेले. स्वतंत्र महार पलटण हवी हा त्यांचा आग्रह होता. १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. दुसरी उभी राहिली कामठीला. कामठी म्हणजे नागपूरच्या अगदी जवळ, रेल्वेने अमरावती-अकोल्याहून एका दिवसाच्या आतलं. जिथे भरतीची दारं बंद होती, तिथे आता घराजवळच छावणी उघडली.

म्हणून ही गोष्ट वऱ्हाडाची आहे. आणि म्हणून त्या पत्रांना एक जास्तीचा अर्थ आहे. ज्याला गावात सार्वजनिक विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, त्याच्या नावाने सरकारी शिक्क्याचं पाकीट गावात येऊ लागलं. पोष्टमन नाव पुकारणार ते पूर्ण. हुद्द्यासकट.

पत्ता नसलेला पत्ता

पत्र जायचं कसं? समजा दोस्त दर्यापूरकडच्या एखाद्या खेड्यात आहे. त्या काळी अनेक खेड्यांत पोष्टाचं काम शाळेचे मास्तरच जोडधंदा म्हणून बघायचे. तिथून पत्र मोठ्या पोष्टात, मग छोट्या गाडीने मूर्तिजापूरला. ही तीच गाडी, जिला आपण शकुंतला म्हणतो. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर मोठी लाइन. रेल्वेच्या डाकडब्यात रात्रभर छाटणी करणारे बाबू बसलेले असायचे. तिथून पत्र लष्करी टपालाच्या ताब्यात.

इथून पुढे पत्राला गाव नसायचं. शिपाई कुठे आहे हे गुपित. पत्त्यावर त्याचा नंबर, नाव, पलटण आणि फील्ड पोष्ट ऑफिसचा आकडा. बस. तो आकडा वाळवंटात आहे की जंगलात, हे पाठवणाऱ्याला कळू नये अशीच ती सोय. म्हणजे दोस्ताला माहीतच नसायचं की आपण कोणत्या देशात पत्र पाठवतोय! तिकडून येणाऱ्या साध्या पत्राला तिकीट लागत नसे, पाकिटावर 'ऑन ॲक्टिव्ह सर्व्हिस' लिहिलेलं असलं की झालं. पण वेळ लागायचा. आठवडे, कधी महिने. पोळ्याची बातमी दिवाळीला पोचायची.

मंडळी, इथे जरा थांबा. मेसेजला दोन निळ्या टिका यायला पाच मिनिटं लागली तर आपल्या जिवाची तगमग होते. इथे तीन-तीन महिने एकच टिक.

लिहिणारा एक, वाचणारे दहा

१९११च्या शिरगणतीत हिंदुस्थानात लिहिता-वाचता येणारे शंभरात सहासुद्धा भरत नव्हते. १९४१मध्ये ते सोळाच्या आसपास आले. म्हणजे दुसऱ्या महायुद्धातही बहुतेकांचं पत्र दुसऱ्याच्या हातचं आणि दुसऱ्याच्या तोंडचं. मास्तर, पटवारी, पोष्टमन नाहीतर शाळा शिकलेलं एखादं पोरगं. बायको नवऱ्याला काय सांगणार? जे मास्तरांसमोर बोलता येईल तेवढंच. तिकडेही तेच. पलटणीतला लिहिता येणारा गडी मोठ्याने वाचणार, बाकीचे भोवती बसून ऐकणार.

म्हणून घरच्या पत्राला एक ठरलेला साचा होता. इकडील सर्व क्षेम, तुमचं कुशल कळवत जाणे. धाकट्यांना आशीर्वाद, थोरांना नमस्कार. पैसे पोचले. पाऊस बरा आहे. इति. आई आजारी असली तरी 'सर्व क्षेम', बैल मेला तरी 'सर्व क्षेम'. हेतू चांगलाच होता, परदेशात पोराला घोर कशाला लावायचा? कागदाची खूणही लोकांना कळायची. हळद-कुंकवाचं बोट लागलेलं पत्र म्हणजे लग्नकार्य. कोपरा फाडलेलं पत्र म्हणजे कोणीतरी गेलं. ते घरात ठेवायचं नाही, वाचून फाडून टाकायचं.

पण शिपाई काही भोळा नव्हता. सलग चार पत्रांत 'सर्व क्षेम' वाचलं की माणसाला संशय येतोच. मग तो दोस्ताला विचारणार. दोस्त म्हणजे बरोबरीचा. त्याला वडीलधारेपण सांभाळायचं नसतं, लाज धरायची नसते. घरचे धीर देतात, दोस्त खरं सांगतो. बांध कोणी सरकवला, सावकाराचा माणूस कितीदा दारात येऊन गेला, भावकीत काय शिजतंय, हे सगळं दोस्ताच्या पत्रात.

तिसरा वाचक

या पत्रांचा आणखी एक वाचक होता. सरकार.

ही पद्धत पहिल्या महायुद्धात बसली. १९१४मध्ये हिंदी पलटणी फ्रान्सला गेल्या तेव्हा बुलोन बंदरात हिंदी टपाल तपासणारी कचेरी उघडली गेली. शिपायांची आणि शिपायांना आलेली पत्रं तिथे वाचली जायची, महत्त्वाच्या मजकुराचं इंग्रजी भाषांतर होऊन अहवाल वर जायचा. शिपायांना हे कळलं. मग त्यांनी सांकेतिक बोली काढली. त्यातली गाजलेली खूण म्हणजे 'काळी मिरी' आणि 'तांबडी मिरची'. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, तांबडी मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी जास्त खर्च होतेय, तांबडी राखून ठेवलीय, असं कोणी लिहिलं, तर गावाकडच्याला बरोबर कळायचं कोण जास्त मरतंय.

दुसऱ्या महायुद्धात हेच काम आणखी पद्धतशीर झालं. मध्यपूर्वेतल्या हिंदी फौजेच्या टपालावर आठवड्याचे अहवाल निघायचे. ते आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत आणि इतिहासकार त्यांचा भरपूर उपयोग करतात. त्या अहवालांत सतत काय दिसतं? शिपाई जर्मनांना घाबरलाय, असं नाही. घरी धान्य महाग झालंय, मिळत नाही, पगारातून घरी जाणारी रक्कम वेळेवर पोचत नाही, जमिनीवरून भांडण झालंय, याची काळजी. १९४३मध्ये बंगालच्या दुष्काळाच्या बातम्या पसरल्या तेव्हा ही काळजी आणखी वाढली. बंगालशी काडीचा संबंध नसलेला शिपाईसुद्धा विचारू लागला, की आमच्याकडे काय चाललंय?

सरकारला यातून एक गोष्ट कळली. बंदूक धरणाऱ्या हाताचा जोर ज्वारीच्या भावावर अवलंबून असतो. आणि ज्वारीचा भाव त्याला दोस्ताकडून कळतो.

वऱ्हाडची खबर, १९४१ ते १९४४

मग वऱ्हाडातल्या दोस्ताकडे लिहायला काय होतं? मी त्या वर्षांची यादी काढली, तेव्हा चकितच झालो.

पहिली खबर कपाशीची. आपल्याकडची कपाशी आखूड धाग्याची आणि तिचं मोठं गिऱ्हाईक जपान. जुलै १९४१मध्ये इंग्रज सरकारने जपानचे व्यवहार गोठवले आणि डिसेंबरमध्ये जपान थेट युद्धातच उतरला. गिऱ्हाईकच शत्रू झालं! अकोल्याच्या बाजारात गाठोडं घेऊन आलेल्या शेतकऱ्याला पर्ल हार्बर कुठे आहे हे ठाऊक नव्हतं, पण त्याचा फटका बसला त्यालाच. पुढच्या वर्षी सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली आणि आखूड धाग्याची कपाशी कमी करा, ज्वारी लावा, असं सांगणं सुरू झालं. गावातून निघताना ज्या वावरात पऱ्हाटी उभी होती, तिथे आता ज्वारी डोलतेय, हे शिपायाला कोण सांगणार? दोस्त.

दुसरी खबर रुपयाची. १९४०मध्ये रुपयातली चांदी कमी करून निम्मी केली आणि एक रुपयाची कागदी नोट आली. व्हिक्टोरिया राणीचे जुने चांदीचे रुपये १९४१मध्ये चलनातून काढले. गावच्या म्हाताऱ्यांनी गाडग्यात पुरून ठेवलेले राणीछाप रुपये, त्यांचं काय करायचं यावर पारावर किती चर्चा झडल्या असतील! शिपाई घरी मनिऑर्डर पाठवायचा, ती आता कागदात मिळणार.

तिसरी खबर नागपूरची. १९४२च्या जुलैमध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच महिन्यात नागपूरला मोठी परिषद भरली आणि शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झालं. गावोगावचे लोक रेल्वेने, बैलगाडीने नागपूरला गेले. कामठीच्या छावणीत नव्याने भरती झालेल्या पोरांना ही हाकेच्या अंतरावरची गोष्ट, पण सुट्टी मिळाली तर ना! 'जयभीम' हा नमस्कार रूढ केला असं ज्यांच्याबद्दल सांगतात, ते बाबू हरदास कामठीचेच. म्हणजे गावाहून कामठीला आलेलं दोस्ताचं पत्र 'जयभीम'ने सुरू होत असेल, तर तो नमस्कार आपल्याच जन्मगावी परत येत होता.

चौथी खबर मात्र लिहिण्यासारखी नव्हती. ऑगस्ट १९४२. 'चले जाव'. चिमूर आणि आष्टी आपल्याला शाळेच्या पुस्तकातून माहीत आहेत. अमरावती जिल्ह्यात यावली आणि बेनोडा इथे लोक उठले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसं मेली. या दोन्ही गावांच्या नावाला आजही 'शहीद' जोडलं जातं. यावली तर तुकडोजी महाराजांचं जन्मगाव. महाराजांना त्याच काळात पकडून नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात ठेवलं.

आता दोस्ताची जागा घ्या. तुमचा जिवाभावाचा माणूस इंग्रजांचा गणवेश घालून वाळवंटात उभा आहे. आणि त्याच इंग्रजांच्या पोलिसांनी शेजारच्या तालुक्यात गोळ्या झाडल्यात. लिहायचं की नाही? लिहिलं तर पत्र फाटणार, आणि लिहिणाऱ्याचं नाव पोलिसात जाणार. नाही लिहिलं तर दोस्ताशी खोटं वागल्यासारखं. आणि समजा लिहिलं, पोचलं, तर त्याने तिथे बसून काय करायचं? फौजेतून पळायचं? की काही वाचलंच नाही असं समजून पहाऱ्याला उभं राहायचं?

याला सोपं उत्तर नाही, आणि तेव्हाही नव्हतं. महार पलटणीतल्या पोराला तर हा पेच आणखी अवघड. त्याच्या समाजाला फौजेचं दार वीस वर्षांनी उघडलं होतं. त्यामागे बाबासाहेबांचा शब्द होता आणि पहिल्यांदा मिळणारा मान होता. दुसऱ्या बाजूला गावात पडलेली माणसंही ओळखीचीच. कोण देशभक्त आणि कोण नाही, असे शिक्के आपण आज मोबाइलवर पटापट मारतो. या दोघा दोस्तांना तो शिक्का कसा मारणार?

एक जुळवलेलं पत्र

हे पत्र खरं नाही, मी जुळवलंय. त्यातल्या खबरी मात्र त्या काळच्या आहेत. १९४३च्या शेवटचं, एका खेड्यातून लिहिलेलं समजा.

"गड्या, जयभीम. तुझं पत्र पोचलं. तुझ्या घरी मी वाचून दाखवलं, दोनदा. तुझ्या आईनं तिसऱ्यांदा वाचाले लावलं. तिनं 'सारं बरं हाय' म्हणून लिहाले सांगतलं, ते लिहितो. आता माह्या मनचं. म्हातारीचा दमा वाढला. औषध चालू हाय, मी नेऊन आणतो, तू घोर करू नको. पैसे दोन महिने आले नव्हते, आता एकदम आले. ज्वारी लय महाग झाली. लुगड्याचं कापड चिठ्ठीवर भेटते, रांगेत उभं राहा लागते. तुह्या वावरात यंदा पऱ्हाटी नाही, ज्वारी हाय. नवा पैसा आला, त्याले मंधात भोक हाय. लेकरं दोरीत ओवतात. तुह्या पोरानं एक तुह्यासाठी ठेवला. बाकी, तिकडं गेल्या वर्साच्या पावसाळ्यात काय झालं ते तू आला की सांगीन. कागदावर मावत नाही."

'कागदावर मावत नाही.' या तीन शब्दांत यावली मावते, बेनोडा मावतो. तपासणाऱ्या साहेबाला त्यात काही दिसणार नाही. दोस्ताला दिसेल.

कोर्टाची तारीख

ही सगळी भावनेची गोष्ट वाटत असेल, तर कायद्यातला एक पुरावा देतो. शिपाई लढाईवर असताना गावात त्याच्यावर दावा लागला तर? समन्स घरी येणार, घरात वाचता येणारं कोणी नाही, तारखेला कोणी हजर नाही. कोर्ट एकतर्फी निकाल देणार. पोरगा छातीवर पदक लावून परत येणार आणि वावर दुसऱ्याच्या नावावर झालेलं असणार.

हे इतक्या ठिकाणी घडण्याची भीती होती, की पहिल्या महायुद्धात, १९१८मध्ये, सरकारला शिपायांच्या दाव्यांबद्दल खास कायदा करावा लागला. १९२५मध्ये तो नव्याने आणला: 'इंडियन सोल्जर्स (लिटिगेशन) ॲक्ट'. त्याचा गाभा सोपा. पक्षकार शिपाई युद्धाच्या कामगिरीवर आहे असं कळलं, की त्याची बाजू मांडायला कोणी नसेल तर कोर्टाने काम तहकूब ठेवायचं. कलेक्टरनेही कोर्टाला तशी खबर देण्याची तरतूद त्यात आहे.

पण कायदा चालू व्हायला कोणीतरी आधी सांगावं लागतं ना, की बाबा, तुझ्यावर दावा लागलाय. ती पहिली खबर द्यायची कोणी? भावकी देणार नाही, कारण बहुतेक वेळा दावा लावणारी भावकीच. इथे दोस्ताची एक चिठ्ठी म्हणजे चार एकर वावर.

उशिरा पोचलेली खबर

खबरीची दुसरी बाजू क्रूर आहे. ती उशिरा पोचते.

यासाठी पुन्हा पहिल्या महायुद्धात जाऊ. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ या काळात इराकमधल्या कुत शहराला तुर्कांचा वेढा पडला होता. आत अडकलेल्या हिंदी फौजेत १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी होत्या. भूक एवढी की घोडे कापून खायची वेळ आली. शेवटी शरणागती, आणि मग कैदेत वाळवंटातून पायी चाल, ज्यात असंख्य मेले. ही पोरं बहुतेक देशावरची आणि कोकणातली. गावाकडून त्यांच्या नावाने पत्रं निघत राहिली असणार. पाऊस झाला, म्हैस व्याली, बहिणीचं ठरलं. वाचणारा मात्र राहिला नव्हता.

उलटंही झालं. १९१८मध्ये पाऊस दगा देऊन गेला आणि पावसाळा सरता-सरता इन्फ्लुएंझाची मोठी लाट आली. हिंदुस्थानात त्या साथीने सव्वा कोटीहून जास्त बळी घेतले असा अंदाज आहे, आणि मध्यप्रांत-वऱ्हाड हा सर्वाधिक फटका बसलेल्या भागांपैकी एक. ११ नोव्हेंबर १९१८ला युद्ध थांबलं. इराकात बसलेला शिपाई सुटकेचा श्वास टाकतोय, आपण वाचलो म्हणतोय. आणि त्याच दिवसांत गावाकडे घरंच्या घरं आडवी झालीत. लढाईवर गेलेला जिवंत, घरी राहिलेले गेले. अशा वेळी ते कोपरा फाडलेलं पत्र लिहायला गावात जो उरला असेल, त्याने लिहिलं.

दुसऱ्या महायुद्धात १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं. हजारो हिंदी शिपाई जपान्यांच्या कैदेत गेले. त्यांच्या घरी कितीतरी दिवस काहीच आलं नाही. ना चांगली खबर, ना वाईट. खबर उशिरा येण्यापेक्षा वाईट काय, तर हे.

आता

स्वातंत्र्यानंतर साधनं बदलत गेली. १९५०मध्ये निळं अंतर्देशीय पत्र आलं. लढाऊ पलटणींच्या पत्त्यावर '५६ एपीओ' आणि '९९ एपीओ' हे आकडे आले, ते आजही आहेत. गावाचं नाव नाही, फक्त आकडा, तीच जुनी युक्ती. १९५७ला विविध भारती सुरू झाली, आणि तिच्या 'जयमाला' कार्यक्रमात फौजी भावांच्या आवडीची गाणी वाजू लागली. १९७२मध्ये लष्करी टपालाचं स्वतंत्र दल झालं. आणि या दलाचं प्रशिक्षण केंद्र कुठे आहे माहितीये? आपल्या कामठीला! देशभरच्या जवानांना पत्रं कशी पोचवायची, हे शिकवलं जातं ते विदर्भात.

आज लडाखमध्ये असलेल्या अकोल्याच्या जवानाला गारपीट थांबायच्या आत तिचा व्हिडिओ पोचतो. कपाशीचा भाव पोचतो. गावात कोणी फास घेतला, तर त्याचा फोटोसुद्धा पोचतो, आणि तो कोणी पाठवावा का, याचा विचार करायला कोणाला वेळ नसतो. पूर्वी खबर फार उशिरा पोचायची, आता ती फार लवकर पोचते. तिसरा वाचकही गेलेला नाही, त्याने रूप बदललंय. जुलै २०२०मध्ये लष्कराने जवानांना ८९ ॲप मोबाइलमधून काढून टाकायला सांगितली होती, त्यात फेसबुक आणि इन्स्टाग्रामही होती. कारण तेच शंभर वर्षांपूर्वीचं: गप्पांतून ठिकाण कळतं.

साधन बदललं, पण जुन्या दोस्ताकडे एक गोष्ट होती, ती आपल्याला लागेल. त्याच्याकडे एकच कागद होता. त्यामुळे काय लिहायचं, कसं लिहायचं, काय राखून ठेवायचं हे तो ठरवायचा. "दमा वाढलाय" आणि लगेच "औषध चालू आहे, मी नेतो". वाईट खबर द्यायची, पण तिच्यासोबत आपण काय करतोय तेही द्यायचं. म्हणजे तिकडचा माणूस नुसता जळत बसत नाही. फॉरवर्डमध्ये पहिला अर्धा भाग असतो, दुसरा नसतो.

तुमचा एखादा दोस्त आज सीमेवर असेल, तर आज रात्री त्याला नुसतं 'काय चाललंय भाऊ' पाठवू नका. त्याच्या घरी जाऊन या. काय पाहिलं ते लिहा. आणि तुम्ही त्यात काय केलं, तेही लिहा.

आणि घरात जुनी लोखंडी पेटी असेल तर एकदा उघडा. पत्र सापडलं तर ते प्लॅस्टिकमध्ये वितळवून बंद करू नका. दोन्ही बाजूंचा, पाकिटाचा आणि शिक्क्याचा फोटो काढा, आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा की यातलं हे नाव कोणाचं. आपल्या भागातल्या दोस्तांची बहुतेक पत्रं चुलीत गेली. साहेबांचे अहवाल तेवढे लंडनमध्ये शाबूत राहिले. म्हणजे आपल्याच दोस्तांच्या मनातलं आज आपल्याला परक्या माणसाच्या भाषांतरातून वाचावं लागतं. एखाद्या घरात मूळ अक्षर उरलं असेल, तर ते तरी राहू द्या.

१९४६मध्ये पलटणी घरी परतू लागल्या. मूर्तिजापूरच्या फलाटावर चहा घेऊन, मोडीत हातावर भोकाचा पैसा पडला, तेव्हा ज्याला दोस्त होता तो नुसता हसला असेल. त्याला तो पैसा आधीच माहीत होता.

भेटू पुढच्या भागात. तोवर राम राम, जयभीम, आणि काळजी घ्या.